हार्डडिस्क गेली नव्हती

जुलै ते सप्टेंबर हा आमच्या घरचा सीझन. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत घरीच डीटीपी करते, म्हणजे छपाईसाठी मजकूर संगणकावर मांडून देते. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे पतसंस्था, दूध संस्था, सेवा सोसायट्या सगळ्यांचे अहवाल याच तीन महिन्यांत एकदम अंगावर येतात. मधेच मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या आणि कार्यक्रमपत्रिका. आणि पंचगंगेचं पाणी चढायचा काळही नेमका हाच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा, ४३ झालं की धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीत आमच्या ओळखीच्या एका प्रेसवाल्यांचा संगणक पाण्यात गेला आणि बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर दोन्हींतून सारखाच गाळ निघाला. वीस वर्षांची कामं होती त्यांची. २०२१च्या जुलैत परत पूर आला तेव्हा त्यांच्याकडे न्यायला काही उरलंच नव्हतं.

हे डोळ्यांनी बघितल्यापासून मी बॅकअपच्या बाबतीत जरा खटपटी झाले. कामाच्या सगळ्या फाइली डी ड्राइव्हवर ‘काम’ नावाच्या एका फोल्डरमध्ये, आणि यूएसबीला लावलेली एक टीबीची बाहेरची डिस्क. विंडोज १० होतं. त्यात फाइल हिस्टरी नावाची सोय असते, विंडोज ८ पासून आलेली. कुठले फोल्डर सांभाळायचे ते एकदा सांगितलं की ती दर तासाला बदललेल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवते, आणि जुन्या प्रतीही ठेवते. सेक्रेटरीसाहेबांनी ताळेबंद चौथ्यांदा बदलून “पहिलाच बरा होता” म्हटलं की ही सोय देवासारखी धावून येते.

तर अशा ऐन ऑगस्टमध्ये उजव्या कोपऱ्यात पाटी यायला लागली, ‘रीकनेक्ट युवर ड्राइव्ह’. डिस्क जोडलेलीच होती. दिवा लुकलुकत होता, आत फोल्डर उघडत होते. काढून परत लावली की पाटी जायची आणि दुपारपर्यंत पुन्हा हजर. फाइल हिस्टरीच्या खिडकीत शेवटच्या बॅकअपची वेळ कधी सकाळची, कधी आदल्या रात्रीची.

आमचा नेहमीचा दुरुस्तीवाला मुलगा आला. डिस्क कानाला लावून बघितली आणि म्हणाला, “वहिनी, हार्डडिस्क गेली बघा तुमची. पावसाळ्यात लई जात्यात. दोन टीबीची नवीन टाकूया.” तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याच्या टेबलावर रोज मेलेल्याच डिस्क येतात, त्यामुळे कुठलीही डिस्क त्याला आजारीच दिसणार. पण कानाला लावून केलेलं निदान मला पटेना. डिस्क गेली असेल तर फोल्डर उघडतात कसे, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. फोन केला तर म्हणाली, “मावशी, नवीन घेऊ नको हं अजून. संध्याकाळी येतो मी.” आली ती थेट स्टार्टच्या चौकोनावर उजवं क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडून बसली. ही जागा मी इतक्या वर्षांत कधी उघडलेली नव्हती. संगणकाची रोजनिशीच आहे ती. कधी काय बिघडलं, कुणी काय बंद केलं, सगळं सेकंदासकट लिहिलेलं. पहिल्यांदा उघडणाऱ्याला मात्र ती भीती घालते, कारण ठणठणीत संगणकातही तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांग असते. भाची म्हणाली, “सगळं वाचायचं नाही. पाटी आली ती वेळ सांग, तेवढंच बघायचं.”

सिस्टिमच्या लॉगमध्ये त्या वेळांना एकच नोंद पुन्हा पुन्हा होती, क्रमांक १५७. ‘डिस्क १ हॅज बीन सरप्राइज रिमूव्हड’. म्हणजे विंडोजच्या लेखी कुणीतरी येऊन, न सांगता, डिस्क उपटून नेली होती. घरात माझ्याशिवाय त्या टेबलाकडे कुणी फिरकत नाही.

मग तिनं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे काही आकडे स्वतःपाशी लिहून ठेवत असते, ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. त्यातले दोन आकडे आधी बघायचे. एक, खराब झालेल्या किती जागांच्या बदल्यात राखीव जागा वापरल्या. दोन, वाचता न आल्यामुळे संशयित म्हणून किती जागा बाजूला ठेवल्या आहेत. आमच्या डिस्कचे दोन्ही शून्य. वर निळ्या चौकटीत ‘गुड’. अर्थात हे आकडे चांगले असतानाही डिस्क अचानक जाऊ शकते, हे तिनं तिथल्या तिथे सांगितलं. पण या आजाराचं मूळ डिस्कच्या पोटात असण्याची शक्यता बरीच कमी झाली.

खरा धागा वेळांत सापडला. बॅकअप तासाला सुरू होतो. नोंदी बघितल्या तर प्रत्येक १५७ ही बॅकअप सुरू झाल्यावर काही सेकंदांतच. मधल्या वेळात डिस्क झोपलेली असते. बॅकअप सुरू झाला की तिच्या तबकड्या फिरायला लागतात, आणि स्थिर तबकडीला गती द्यायला नेहमीपेक्षा जास्त वीज लागते. घरातली पाण्याची मोटर सुरू होताना बल्ब क्षणभर मंद होतो, तसलाच प्रकार. ही डिस्क वीज यूएसबीतूनच घेते, तिला वेगळा प्लग नाही. ती लावलेली होती कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला, कारण ते हाताशी असतं. पुढचे आमचे पोर्ट यूएसबी २ चे, ज्यांतून ५०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं. मागचे निळे यूएसबी ३ चे, तिथे ९००. त्यात पुढच्या पोर्टपर्यंत कॅबिनेटच्या आतून एक वायर येते, आणि वर आम्ही लावलेली केबल चांगली लांबलचक, टेबलावरून खणात जाणारी.

भाचीची एक अट होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दिवसभर थांबायचं. मला हा वेळकाढूपणा वाटला. सगळं एकदम बदलून मोकळं व्हावं ना. पण ती ऐकेना. पहिल्यांदा पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं. रिकाम्या बसलेल्या पोर्टला विंडोज झोपवतं, ते त्यानं थांबतं. नोंदी कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. मग केबल तीच ठेवून डिस्क मागच्या निळ्या पोर्टला. एखाददुसरी नोंद अजून येत होती. मग डिस्कबरोबर आलेली आखूड केबल शोधून काढली आणि १५७ दिसायची बंद झाली. सगळं एकदम बदललं असतं तर दोष कुणाचा हे कळलंच नसतं, आणि ती लांब केबल आज कुणाच्या तरी दुसऱ्या कामाला लागली असती. ती आता कचऱ्यात आहे.

तिथे गोष्ट संपावी, पण बॅकअप सुरळीत चालायला लागला तशी आठवडाभरात दुसरी पाटी आली. डिस्क भरली. एक टीबी! माझ्या ‘काम’ फोल्डरचा आकार त्याच्या पाव भागही नव्हता. झालं होतं असं की फाइल हिस्टरी बदल तेवढाच साठवत नाही, अख्खी फाइल पुन्हा उतरवते. मी पानं मांडते ते कोरल ड्रॉ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि फोटो घातलेला अहवाल त्यात तीनचारशे एमबीचा होतो. दिवसभर मी तो सेव्ह करत बसते, तासातासाला एक नवी पूर्ण प्रत. शिवाय कोरल स्वतःही जुनी प्रत ‘बॅकअप_ऑफ_’ असं नावापुढे लावून त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, तिचीही प्रत. म्हणजे बॅकअपचा बॅकअप. ‘जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या’ याचं उत्तर आपण दिलं नाही तर ते ‘कायम’ असतं. ते एक वर्षावर आणलं, ‘क्लीन अप व्हर्जन्स’ एकदा चालवलं, तासाऐवजी दर तीन तासांनी केलं. कोरलच्या पर्यायांतून ती जादा प्रत बंद केली. हे सगळं अर्ध्या तासाचं काम.

पुढचा दोष मात्र कुठलीच पाटी न लावता बसला होता, आणि तोच सगळ्यात वाईट होता. फाइल हिस्टरीच्या खिडकीत शेवटच्या बॅकअपची ताजी वेळ दिसत होती, सगळं आलबेल. भाचीनं जाता जाता इव्हेंट व्ह्यूअरमध्येच खोल कुठेतरी असलेला ‘फाइलहिस्टरी-इंजिन’ या नावाचा वेगळा लॉग उघडला. पिवळ्या त्रिकोणांची रांगच्या रांग. प्रत्येकात एकेका फाइलचं नाव आणि कारण असं की, हिचा पूर्ण पत्ता मॅक्स-पाथच्या मर्यादेपेक्षा लांब आहे किंवा त्यात न चालणारी अक्षरं आहेत, म्हणून हिचा बॅकअप घेतला नाही. नावं आखूड करून बघा.

नावं वाचली आणि पोटात गोळा आला. सगळे त्या वर्षीचे अहवाल.

विंडोजमध्ये फाइलचा पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या शेवटापर्यंत, २६० खुणांत बसावा अशी जुनी मर्यादा आहे. माझ्या डी ड्राइव्हवर त्या फाइली बसत होत्या, उघडत होत्या, सेव्ह होत होत्या. पण बॅकअपमध्ये तोच पत्ता वाढतो. आधी बाहेरच्या डिस्कचं अक्षर, मग ‘फाइलहिस्टरी’, मग युजरचं नाव, मग संगणकाचं नाव, मग ‘डेटा’, मग ‘डी’, आणि मग माझे फोल्डर. शेवटी फाइलच्या नावाला कंसात तारीख, वेळ आणि ‘यूटीसी’ ही तीन अक्षरं, म्हणजे आणखी २६ खुणा. (ही वेळ आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. दुपारी चारला केलेलं काम साडेदहाचं दिसलं तर घाबरू नये.)

त्यात आपली देवनागरी. डोळ्याला अक्षर एक दिसतं, पण संगणकाच्या हिशेबात काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचा हलन्त वेगळा. ‘लक्ष्मीपुरी’ वाचायला चार अक्षरं, विंडोजच्या मोजणीत ११. ‘नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित’ ही आपल्या दृष्टीनं १५ अक्षरं. तिथे, मधल्या मोकळ्या जागा धरून, ३०. आणि हे नाव माझ्याकडे फोल्डरला एकदा, आतल्या वर्षाच्या फोल्डरला पुन्हा एकदा आणि फाइलला तिसऱ्यांदा. फाइलच्या शेपटीला ‘वार्षिक अहवाल ताळेबंद व नफातोटा पत्रक सेक्रेटरी दुरुस्तीसह अंतिम’. हे उगाच नव्हतं. फाइल कुठेही भरकटली, मेलनं गेली, पेन ड्राइव्हवर गेली, तरी कुणाची आणि कुठली ते नावावरून कळावं म्हणून ती पद्धत मी बसवली होती, आणि एकसारख्या नावांच्या पतसंस्थांच्या या गावात तिचा उपयोगही झाला आहे. मला अजून ती पद्धत चुकीची वाटत नाही. पण फाइल हिस्टरीशी तिचं जमणारं नव्हतं.

विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही मर्यादा उठवायची एक सोय आहे. भाचीनं ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, जाऊन चालू केली. काही फरक नाही. ती सोय चालू असली तरी ज्या त्या प्रोग्रॅमनं लांब पत्ता घ्यायला तयार असावं लागतं. मग वही काढली. प्रत्येक संस्थेला एक छोटा क्रमांक दिला, ‘प०७’, ‘दू१२’ असे, आणि पूर्ण नावं वहीत लिहिली. फोल्डरला फक्त क्रमांक, आत वर्षाचे दोन आकडे, फाइलचं नाव मोजकं. चालू वर्षाची सगळी कामं अशी फिरवून झाली, बॅकअप हातानं चालवला, लॉगमध्ये नवा पिवळा त्रिकोण एकही नाही. जुन्या वर्षांच्या लांब नावांना हात लावला नाही. त्यांचं काय केलं ते पुढे येतंच.

आता भाची म्हणाली, “एक फाइल परत आणून दाखव.” एवढं सगळं झाल्यावर हे काय नवीन, असं मला वाटलं. ती म्हणाली की बॅकअप हिरवा दिसतो म्हणजे फाइल परत येते असं नाही. जुन्या जागी आणायची नाही, नाहीतर चांगल्या फाइलवरच बसेल. वेगळ्या फोल्डरमध्ये आणायची, आणि या संगणकावर उघडायची नाही, दुसऱ्या संगणकावर उघडायची. कारण ज्या दिवशी बॅकअप खरंच लागेल, त्या दिवशी हा संगणक नसेल.

यजमानांच्या लॅपटॉपवर कोरल होतं. दोन वर्षांपूर्वीचा एक अहवाल परत आणून तिथे उघडला. फाइल उघडली. रकाने जागच्या जागी, रेघा जागच्या जागी, अध्यक्षांचा फोटोही. मजकुराच्या जागी मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं आणि स्वल्पविराम यांची भेळ. एक शब्द वाचता येईना.

मराठी डीटीपीत मुरलेल्यांना कारण लगेच कळेल. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे पोचायच्या आधीपासून आम्ही ज्या फॉन्टमध्ये काम करतो, त्यांत आत इंग्रजी कीबोर्डचीच अक्षरं असतात. त्यांच्यावर मराठीचे आकार फॉन्ट चढवतो. फॉन्ट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडचा मजकूर असता तर फॉन्ट नसतानाही दुसऱ्या कुठल्या तरी मराठी फॉन्टमध्ये वाचता आला असता. आणि फॉन्ट असतात सी ड्राइव्हवर विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. तो फोल्डर फाइल हिस्टरी सांभाळत नाही. म्हणजे डिस्क चांगली, केबल चांगली, नावं आखूड, लॉग स्वच्छ, आणि हाती आलेला अहवाल निरक्षर. या सगळ्या उद्योगात मला खरा धक्का बसला तो इथे.

यावर तीन गोष्टी केल्या. कामाला लागणारे सगळे मराठी फॉन्ट ‘काम’मध्येच वेगळ्या फोल्डरमध्ये आणून ठेवले, शिवाय मराठी टाइप करायच्या लिपीच्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉल करायची फाइल आणि लायसन्सचे कागद स्कॅन करून. त्याचा डोंगल, म्हणजे ते चालायला संगणकाला लावावी लागणारी किल्ली, मात्र बॅकअपमध्ये जात नाही, तो दागिन्यांच्या डब्यात. दुसरं, छपाईला गेलेल्या प्रत्येक कामाची पीडीएफ त्याच्याच शेजारी, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवता येतात आणि निदान वाचता तरी येतं. तिसरं, मोठं काम हातावेगळं झालं की कोरलचं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ चालवते. ते फाइल आणि तिला लागलेले फॉन्ट एका ठिकाणी गोळा करतं. फॉन्ट टाकून तोच अहवाल लॅपटॉपवर परत उघडला, तेव्हा सेक्रेटरींचं मनोगत नीट वाचता आलं. ते मनोगत दरवर्षी तेच असतं, पण त्या संध्याकाळी मी ते शेवटपर्यंत वाचलं.

राहिली जुन्या लांब नावांची कामं आणि पुराचा प्रश्न. दोन्हींना एकच उपाय निघाला. दुसरी एक डिस्क घेतली (त्या दुरुस्तीवाल्याकडूनच, दोन टीबीची, त्याचंही समाधान झालं) आणि तिच्यावर रोबोकॉपीनं सगळं उतरवलं. फाइली उतरवायचं हे साधन विंडोजमध्येच असतं, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवायचं. लांब पत्ते ते बिनतक्रार घेतं, आणि नावापुढे तारीखबिरीख लावत नाही. दोन ठिकाणी जपायला हवं. एखादी फाइल अडली तर ते मूळच्या सेटिंगनं तीस तीस सेकंद थांबून दहा लाख वेळा प्रयत्न करतं. गुणाकार केला तर एका फाइलसाठी अकरा महिन्यांच्या वर. म्हणून प्रयत्न तीन आणि थांबणं पाच सेकंद असं सांगूनच सुरू करायचं. आणि त्यातला मिररचा पर्याय इकडे पुसलेलं तिकडेही पुसतो, तो मी वापरत नाही. काळ्या खिडकीत मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तर तिकडे लक्ष देऊ नये. लॉग युनिकोडमध्ये लिहायचा वेगळा स्विच आहे, ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली की मराठी नीट दिसतं. शेवटी ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य आहे का तेवढं बघायचं.

ही दुसरी डिस्क नणंदेकडे असते, आर. के. नगरला. तो भाग उंचावर आहे, पंचगंगा तिथे यायची तर आधी सगळं कोल्हापूर बुडायला हवं. महिन्याला एकदा जाणं होतंच, तेव्हा आणते, उतरवते, परत ठेवते. पहिल्यांदा डबा दिला तेव्हा वन्संनी विचारलं, “वहिनी, ह्यात काय आहे एवढं?” म्हटलं, साडेतीनशे संस्थांचे ताळेबंद. त्यांनी तो कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, “मग कुलूप लावू का?”

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, त्यामुळे आता ११ वर आले आहे. फाइल हिस्टरी तिथे आहे, पण जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन शोधावी लागते, आणि नवा फोल्डर सांभाळायला द्यायचा तर तो आधी कुठल्या तरी लायब्ररीत, म्हणजे विंडोजनं एकत्र दाखवायच्या फोल्डरांच्या गटात, घालावा लागतो. ‘काम’ फोल्डर भाचीनं डॉक्युमेंट्सच्या लायब्ररीत घालून दिला. फाइलहिस्टरी-इंजिनचा लॉग त्याच जागी आहे. शनिवारी संध्याकाळी काम आटोपलं की मी तो उघडते. मागच्या शनिवारी एक पिवळा त्रिकोण होता. एका मंडळानं स्वतःच नाव देऊन पाठवलेली फाइल होती, त्यात मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांची नावं.